बगाडासाठी रजा

इंग्रजीच्या तासाला रजेचा अर्ज शिकवताना कारण काय लिहायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. एक तर ताप, नाहीतर बहिणीचं लग्न. साताऱ्याच्या आसपासच्या शाळांतून मी नोकरीभर इंग्रजी शिकवलं, अर्जांचे गठ्ठेच्या गठ्ठे तपासले; पण गावच्या यात्रेसाठी रजा हवी, असं एकाही पोरानं कधी लिहिलं नाही. लिहील कशाला? यात्रेच्या दिवशी शाळेत मास्तर तरी कुठे असायचे!

आमच्याकडे देवाची सुट्टी मागावी लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात वर्षाला ३ स्थानिक सुट्ट्या असतात, वर मुख्याध्यापकांच्या अधिकारातल्या २. गावचे चार जाणते लोक चहाला येऊन बसले की त्या दोहोंपैकी एक कुठे जाणार, हे हेडमास्तरांना न सांगता कळतं. त्याउपर दिवाळी आहे, उन्हाळा आहे, आणि पदरी १२ किरकोळ रजा. इतक्या सुट्ट्यांच्या सावलीत वाढलेली आमच्या घरची एक पोरगी, माझी पुतणी, इंग्रजी शिकवायला व्हिएतनामला गेली, तेव्हा तिच्या पगाराची चौकशी सगळ्यांनी केली. सुट्टीचं कुणी विचारलं नाही.

आमचं मूळ गाव बावधन, वाईच्या शेजारी. तिचं आजोळ तासगाव. म्हणजे बापाकडून सातारा जिल्हा, आईकडून सांगली. शिवाजी विद्यापीठाची एम.ए.ची पदवी, वर इंग्रजी शिकवण्याचं प्रमाणपत्र. त्या पदवीवर मंत्रालयाचे आणि वकिलातीचे शिक्के उमटेपर्यंत घरातल्या सगळ्यांच्या चपला झिजल्या, तेव्हा कुठे हो चि मिन्ह शहरातल्या एका भाषा-केंद्रात तिला जागा मिळाली. शहराचं जुनं नाव सायगॉन. आमच्या म्हातारीला ते जावळीतलं सायगावच वाटलं, आणि “मेढ्याच्या गाडीनं यायला काय होतं हिला?” असं ती बरेच दिवस विचारत राहिली.

२०२५ मध्ये व्हिएतनामच्या कायद्यात वर्षाला ११ सार्वजनिक सुट्ट्या होत्या. त्यातल्या ५ एकट्या टेटला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला. शिवाय वर्षभर काम केलेल्याला १२ दिवसांची भरपगारी रजा. कागदावर वाईट नाही. आमच्या किरकोळ रजांएवढाच आकडा. पण भाषा-केंद्र म्हणजे शाळा नव्हे. मुलं दिवसा शाळेत असतात, म्हणून केंद्र भरतं संध्याकाळी. आणि खरी गर्दी शनिवार-रविवारी. जगाला सुट्टी तेव्हा हिला सलग वर्ग. बऱ्याच शिक्षकांचा पगार तासावर असतो, तास नाही तर पैसा नाही. आणि रजा मागायची तर आपल्या जागी उभं राहणारं माणूस आपणच शोधून आणायचं.

टेटला मात्र अख्खा देश गावी जातो. शहर रिकामं होतं, केंद्राला आठवडा-दीड आठवडा कुलूप लागतं. आम्हाला वाटलं, चला, हिची मांढरदेवीची वारी तरी साधली. काळूबाईची यात्रा पौष पौर्णिमेला. टेट येतो अमावास्या सरली की, बहुतेक वर्षी ती पौषातलीच अमावास्या. म्हणजे पंधरवड्याची चुकामूक जवळजवळ ठरलेली. २०२५ ची यात्रा १३ जानेवारीला झाली आणि टेट आला २९ जानेवारीला. गडावरची दुकानं उठून गेल्यावर हिला सुट्टी लागली. टेटमध्ये विमानाचं तिकीटही अव्वाच्या सव्वा. तेवढ्या पैशात गावाकडे शेळ्या आल्या असत्या, असं माझा भाऊ म्हणाला. बाप आहे तो; पोरगी यावी असं वाटत असूनही त्याला हिशेब सुटत नाही.

एकदा मात्र दोन देशांचे दिवस अगदी सांधा जुळावा तसे जुळले. तासगावच्या गणपतीचा रथोत्सव ऋषिपंचमीला असतो. परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेलं, १७७९ मध्ये पुरं झालेलं ते देऊळ, त्यापुढचं दाक्षिणात्य धाटणीचं सातमजली गोपुर, आणि गुलालात न्हालेली माणसं लांबच लांब दोरखंडांना हात घालून ओढतात तो उंच रथ. आजोळचा हा दिवस तिनं लहानपणी सहसा चुकवला नव्हता. व्हिएतनामचा राष्ट्रीय दिन २ सप्टेंबरचा. २०२२ मध्ये ऋषिपंचमी आली १ सप्टेंबरला, गुरुवारी. आणि तिकडची सरकारी सुट्टी १ ते ४, रविवारपर्यंत. अर्ज नाही, विनवणी नाही, आयती सुट्टी. पण पोरगी तेव्हा नवी होती, पहिला पगार खोलीच्या अनामत रकमेत गेलेला. रथ तिनं फोनवर पाहिला. तिचं घड्याळ आपल्या दीड तास पुढे; इथं दुपारचे दोर ताणले गेले तेव्हा तिथं उन्हं कलायला लागली होती. मामानं फोन गर्दीत उंच धरला होता, आणि तिला दिसलं ते बहुतेक लोकांच्या टोप्या आणि गुलाल.

पुढचं खरं गंमतीचं. केंद्रातल्या कचेरीत भिंतीवर एक जाडजूड ठोकळ्यासारखं कॅलेंडर टांगलेलं असतं, रोज एक पान फाडायचं. पानावर मोठ्या आकड्यात इंग्रजी तारीख, आणि खाली लहान आकड्यात चांद्र तारीख. तिनं त्याचा फोटो मला पाठवला, तेव्हा मी चष्मा पुसून पाहिलं. आपल्या कालनिर्णयात जी सोय, तीच तिथं. पाडव्याला नि पौर्णिमेला तिथं घरोघर उदबत्त्या लागतात, पुष्कळ जण त्या दिवशी सामिष खात नाहीत. बापाचं वर्षश्राद्ध तिथीनं करतात. त्यांच्याकडेही अधिक महिना असतो. २०२३ मध्ये दोन्हीकडे तेरा महिने झाले, फक्त आपला श्रावण दुप्पट झाला आणि त्यांचा दुसरा महिना. हुंग राजांच्या स्मरणाची सरकारी सुट्टी तर तिसऱ्या चांद्र महिन्याच्या दशमीलाच असते, दर वर्षी वेगळ्या तारखेला. इंग्लंड-अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आपल्या पोरांना ‘यंदा गणपती सप्टेंबरात का, मागच्या वर्षी तर ऑगस्टात होते’ हे समजावता समजावता नाकी नऊ येतात. हिला ते समजावावंच लागणार नव्हतं.

म्हणून २०२५ च्या बगाडासाठी तिनं रजा मागायचं ठरवलं.

बावधनचं बगाड रंगपंचमीला. कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून गावापर्यंत लाकडाचा तो अजस्र गाडा शिवारातून ओढत आणतात. वर आडव्या शिडाला बगाड्या टांगलेला, खाली खिल्लार बैलांच्या जोड्या, थकल्या की बदलायच्या. चाक नांगरटीत रुतलं की शेकडो माणसं एका आवाजात ‘काशिनाथाचं चांगभलं’ म्हणतात आणि गाडा कण्हत पुढं सरकतो. ढेकळांचा चुरा होतो, बैलांच्या तोंडाला फेस येतो, म्हाताऱ्या बांधावर बसून हात जोडतात. आमच्या घरची जोडी त्यात जुंपली जाते, हा आमच्या घरचा मान. बगाड्या कोण, हे होळी पौर्णिमेला कौल लागल्यावरच कळतं. म्हणजे फक्त पाच दिवस आधी.

अर्जाचा मसुदा तिनं मला दाखवला. इंग्रजीत खोट काढायला जागा नव्हती, पण कारणाच्या ओळीत तिनं सगळं बगाड ओतलं होतं: नवस, कौल, बैल, गाडा. मी म्हटलं, “एवढं कशाला? घरगुती कार्य आहे, एवढंच लिही.” ती म्हणाली, “काका, घरगुती कार्य म्हटलं की ते म्हणतात पुढच्या आठवड्यात कर. हे पुढं ढकलता येत नाही, हे त्यांना कळायला नको?”

यावर मला बोलायला जागा राहिली नाही.

कचेरीतल्या बाईंनी अर्ज वाचला आणि त्या ठोकळ्याची पुढची पानं चाळली. १९ मार्च, बुधवार. खाली दुसऱ्या महिन्याचा विसावा दिवस. पौर्णिमेनंतरचा पाचवा, बरोबर? बरोबर. मग त्यांनी विचारलं, तुमच्या घरातलं कोण टांगलं जाणार? ती म्हणाली, ते पाच दिवस आधी कळेल. बाई हसल्या म्हणे, आणि बैलांचे फोटो मागितले. पण निव्वळ भाविकपणानं रजा मिळाली असं मी म्हणणार नाही. तो बुधवार होता. शनिवार असता तर चंद्र-सूर्य दोघेही कामी आले नसते. बदलीचं माणूसही तिनं तयार ठेवलं होतं. तिकडे इंग्रजी शिकवणाऱ्यांत फिलिपिन्सचे लोक पुष्कळ असतात, आणि व्हिएतनाममध्ये गुड फ्रायडेची सुट्टी नसते. तिच्या एका फिलिपिनो सहकारी बाईंना १८ एप्रिलचा तो शुक्रवार हवा होता. त्यांनी हिची रंगपंचमी सांभाळायची, हिनं त्यांचा गुड फ्रायडे. सरकारी यादीत नसलेले दोन देव असे परस्परांत फिटले.

सातारा-सांगलीला हे सगळं नवं कुठे आहे म्हणा. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांतून पहिल्या महायुद्धापासून माणसं पलटणीत जाताहेत. फौजी सुट्टीवर आला की गल्लीला कळतं. विटा, खानापूर, आटपाडीकडची सोन्या-चांदीच्या गलाईतली माणसं केरळपासून पंजाबपर्यंत पसरली आहेत, आणि खरसुंडीच्या सिद्धनाथाला दुकान बंद करून येतात. दुकान स्वतःचं असलं की बरं असतं. फौजीलाही निदान सुबेदार आपल्या मुलखातला भेटण्याची आशा असते. परक्या देशात तासावर शिकवणाऱ्या पोरीला मात्र दर वेळी पहिल्यापासून सांगावं लागतं.

बगाडाच्या दिवशी ती आली. तिसऱ्या दिवशी परत वर्गावर उभी होती, केसांत थोडा गुलाल होता असं तिच्याच विद्यार्थ्यांनी तिला दाखवलं. आमच्या शाळेच्या इंग्रजी मंडळींना मी हल्ली सांगत असतो: अर्ज शिकवताना ताप आणि लग्न राहू द्या, पण एक नमुना यात्रेचाही घ्या. तिथी म्हणजे काय, ती का हलत नाही, हे पाच ओळींत इंग्रजीत लिहिता येणं हे या जिल्ह्यातल्या पोरांना कर्तरी-कर्मणीपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

आणि घरच्यांना एक सांगणं. तुमचं कुणी बाहेरदेशी असेल, तर नवं कॅलेंडर खिळ्याला अडकवाल त्याच दिवशी यात्रेच्या पानाचा फोटो त्यांना पाठवा. यात्रेच्या आदल्या आठवड्यात फोन करून “येतेस का गं?” विचारू नका, तोवर तिथले वर्ग वाटून झालेले असतात. २०२६ ची रंगपंचमी ८ मार्चची, आणि तो रविवार.