मामा वेळेवर आला नाही

आमच्या चारठाण्यात बर्फ म्हणजे उन्हाळ्यात रसवंतीवर फोडतात ती लादी. परभणी जिल्ह्यातल्या बाईला डोंगरावरच्या बर्फातलं काय कळणार, असं तुम्ही म्हणाल. मैत्रिणींनो, मलाही कळत नव्हतं. लेकीच्या लग्नात कळलं, तेही रडून झाल्यावर.

माझा धाकटा भाऊ फौजेत, काश्मीरला. लग्न फेब्रुवारीतलं, त्याची रजाही मंजूर झालेली. नवरीला बोहल्यावर आणायचा मान मामाचा, म्हणून त्याचा फेटा आधीच आणून ठेवला होता. लग्नाला चार दिवस उरले आणि फोन आला, "अक्का, खाली उतरता येत नाही. वाटेवरचा बर्फ धोक्याचा आहे. साहेबांनी थांबवलंय."

"बर्फ पडतोय का अजून?"

"नाही, आज ऊन आहे. पण परवापासून खूप पडला."

माझं डोकंच फिरलं. "ऊन पडलंय आणि वाट धोक्याची? शिपाईगडी असून बर्फाला भितोस?" असं म्हणून मी फोन ठेवला. मामाचा मान चुलतभावाने सांभाळला.

दहा दिवसांनी तो आला. घरात कुणी धड बोलेना. तो सरळ स्वयंपाकघरात आला नि म्हणाला, "पोळपाट दे." लाटलेली पोळी पीठ न लावता पोळपाटाला चिकटवली, पोळपाट तिरपा केला, पोळी हलली नाही. मग खाली साखर पसरून दुसरी ठेवली. ती अख्खीच्या अख्खी सर्रकन खाली आली.

"बर्फ थराथरांनी साचतो, अक्का. थर पातळ आणि थंडी कडक असली की खालचे दाणे साखरेसारखे सुटे होतात, एकमेकांना धरत नाहीत. त्यावर नवा बर्फ पडला, नाहीतर वाऱ्याने आणून टाकला, की वरचं ओझं असं निसटतं. ३० ते ४५ अंशांचा उतार सगळ्यांत वाईट. माणसाच्या पावलाचा भारही पुरतो. आणि एकदम ऊब वाढली तर धोका वाढतोच."

मग परीक्षा कशी करतात तेही सांगितलं. बर्फात खड्डा खणून एक खांब मोकळा करायचा, त्यावर फावडं ठेवून थापट्या मारायच्या: दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. थोडक्यात थर सुटला तर माघारी फिरायचं. शेजारच्या उतारावर ताजी घसरण, पायाखाली 'धप्प' आवाज, बर्फात पळत जाणारा तडा, ही दिसली तर परीक्षेचीही गरज नाही. गाडला गेलेला माणूस पंधरा मिनिटांत निघाला तर आशा. पुढे ती झपाट्याने कमी होते.

२०१६ च्या फेब्रुवारीत सियाचीनमध्ये दहा जवान बर्फाखाली सापडले. त्यांत एक आपल्या सातारा जिल्ह्यातला होता. दहांतलं कुणीही वाचलं नाही. ती बातमी मी वाचली होती, हळहळलेही होते. पण फोनवर बोलताना आठवली नाही.

"मग तो उतार कोसळला का रे?" मी विचारलं.

"नाही कोसळला. पण कोसळणार नाही, हे त्या दिवशी कोण सांगणार होतं?"

मी काही बोलले नाही. लेक माहेरी आली होती. तिच्यासमोर मामाला फेटा बांधला आणि त्याच्या पुढ्यात पुरणपोळीचं ताट ठेवलं.

बायांनो, आता आपली मुलंही हिवाळ्यात मनाली, गुलमर्गला जातात, बर्फात ट्रेक करतात. निघताना स्वेटर नि लाडू बांधून द्याच. पण विचाराही: चंदीगडच्या डीजीआरई या सरकारी संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा पाहिला का? बरोबर जाणकार कोण आहे? धोक्याचा उतार एकेकाने ओलांडणार ना? आणि उद्या फोनवर लेक म्हणाला, "आई, अर्ध्यातून परत फिरलो," तर "घाबरलास का?" असं माझ्यासारखं विचारू नका. म्हणा, "बरं केलंस, बाळा."