नोंद न झालेला गुन्हा

घर घेताना असो वा मुलीला संध्याकाळच्या क्लासला पाठवताना, माझा हिशेब ठरलेला असे. पोलीस ठाण्यात गुन्हे कमी नोंदले जातात, म्हणजे भाग चांगला. घाटकोपर पूर्वेला आमच्या सोसायटीच्या कमिटीवर असताना हे मत मी ठासून मांडत असे. आज माझं मत नेमकं उलट आहे. ज्या वस्तीतली माणसं तक्रार नोंदवतात, ती वस्ती मला जास्त भरवशाची वाटते, मग तिथला आकडा मोठा का असेना.

मत बदलायला सुरुवात झाली ती एका मंगळसूत्रापासून. आमच्याच इमारतीतल्या काकू सकाळी देवळातून परतत होत्या. मोटारसायकलवरून दोघे आले, मागे बसलेल्याने हिसका मारला आणि गाडी हायवेच्या दिशेने निघून गेली. काकूंच्या मानेवर लाल वळ उठला होता, दोन काळे मणी पदरात अडकून राहिले होते. संध्याकाळी सगळे जमलो. "सोनं काय परत मिळणार आहे? आधी ठाण्यात चकरा, मग कोर्टाच्या तारखा. शिवाय बिल्डिंगचं नाव पेपरात." शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे लहानपणापासून कानावर पडलेलं, त्यावर सगळ्यांचं एकमत झालं. तक्रार झाली नाही. पुढे त्याच वळणावर दुसऱ्या एका आजींची साखळी खेचली गेली. त्या पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. त्यांच्या मुलाने मात्र गुन्हा नोंदवला, वळणावर बीट मार्शल दिसू लागले. तोवर तिथे गस्त कशी असणार? कागदोपत्री त्या वळणावर काही घडलंच नव्हतं.

मग मी आकड्यांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. घाटकोपरला मेट्रो आणि लोकल यांची गर्दी एकत्र येते. त्या रेट्यात खिशातून मोबाईल गेला की पुष्कळजण चोरीची तक्रार न करता तो गहाळ झाल्याचं लिहून देतात, कारण सिमकार्ड परत मिळवायला तेवढा कागद पुरतो. रुळांलगत उभं राहून दारातल्या प्रवाशाच्या हातावर काठी मारणाऱ्या फटका गँगचं नाव प्रत्येक लोकल प्रवाशाला ठाऊक आहे. पण हात सुजलेला माणूस ऑफिस गाठतो, ठाणं नाही. अशी चोरी 'गहाळ' या सदरात गेली की चोर उरतच नाही, आणि चोर नाही तर तपासही नाही.

जाणकार खून आणि वाहनचोरीच्या आकड्यांवर जास्त विसंबतात, ते याचसाठी. मृतदेह सहसा लपत नाही आणि एफआयआर असल्याशिवाय विमा कंपनी गाडीचे पैसे देत नाही. बाकीचे आकडे बरेचसे आपल्या बोलण्यावर किंवा गप्प बसण्यावर ठरतात. देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी काढणारा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग स्वतःच बजावतो, की गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असतील, तर हा विभाग त्यातला सर्वांत गंभीर तेवढाच मोजतो.

हा नियम वाचताना मला अंधेरीतलं आंबोली आठवलं. 20 ऑक्टोबर 2011 च्या रात्री तिथे मैत्रिणींची छेड काढणाऱ्याला किनन सँटोस आणि रुबेन फर्नांडिस यांनी अडवलं. तो साथीदारांना घेऊन परत आला आणि भर रस्त्यात दोघांना भोसकलं. बघणारे पुष्कळ होते, मदतीला कोणी आलं नाही. दोघेही गेले. त्यांच्या मित्रमंडळींनी मात्र कोर्टाची पायरी चढली, साक्षी दिल्या आणि मे 2016 मध्ये चौघांना जन्मठेप झाली. वर सांगितलेल्या नियमाने अशी घटना तक्त्यात खून म्हणून उतरते. ज्या छेडछाडीतून सगळं सुरू झालं, ती त्या तक्त्यात दिसत नाही. आणि छेडछाड करून सहीसलामत सुटलेली माणसं तर कुठल्याच तक्त्यात नसतात.

आकडा वाढला म्हणजे आनंदच मानावा, असं माझं म्हणणं नाही. काही वेळा गुन्हे खरोखरच वाढलेले असतात. ऑनलाइन फसवणूक आज तशीच वाढते आहे. 'डिजिटल अरेस्ट'च्या धमकीने घाबरून आयुष्यभराची पुंजी पाठवून बसलेले ज्येष्ठ नागरिक मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत आहेत. लोक काय म्हणतील, या लाजेपोटी त्यांतले कितीतरी पोटच्या मुलांनाही सांगत नाहीत. 1930 या क्रमांकावर लगेच फोन केला, तर पैसे पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते. गप्प बसण्यात तीही जाते.

पोलिसांकडचा अनुभव नेहमी चांगला येतो, असंही मी म्हणणार नाही. तासन्‌तास बसवून ठेवल्याच्या, 'हद्द आमची नाही' म्हणून परत पाठवल्याच्या तक्रारी खोट्या नाहीत. पण कायदा आता आपल्या बाजूने पुष्कळ स्पष्ट आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात 12 नोव्हेंबर 2013 रोजी सांगितलं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांनुसार हद्दीचं कारण पुढे करता येत नाही. माहिती इलेक्ट्रॉनिक माध्यमातून देता येते, फक्त तीन दिवसांत सही करावी लागते, आणि एफआयआरची प्रत मोफत मिळते. साखळी हिसकावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 304 खाली आता स्वतंत्र गुन्हा आहे.

सोसायट्यांच्या कमिट्यांना माझी कळकळीची विनंती आहे. कॅमेरे जरूर बसवा, वॉचमनही वाढवा. पण इमारतीतल्या कुणाचं काही गेलं, कुणाच्या मुलीला कुणी त्रास दिला, तर नाव पेपरात येईल म्हणून तिला गप्प करू नका. कमिटीतल्या एकाने तिच्यासोबत ठाण्यात जावं, तक्रार लिहून होईपर्यंत तिथे बसावं आणि एफआयआरची प्रत घेऊनच परतावं.