पियानो कमी करू नका

क्लॅरिनेट आणि पियानोचं ध्वनिमुद्रण चालू असलं की आपल्याकडचं कुणी ना कुणी मागून हमखास सांगतं, "पियानो जरा कमी करा ना, क्लॅरिनेट दबतंय." गायक पुढे आणि पेटी-तबला मागे, याच मांडणीवर आपला कान पोसलेला. मीही ख्यालगायनाची ध्वनिमुद्रणं करता करता पाश्चात्त्य अभिजात संगीताकडे वळलो, त्यामुळे ही सवय किती चिवट असते ते मला ठाऊक आहे. पण जर्मन संगीतकार ब्राम्सच्या क्लॅरिनेट-पियानो सोनाटांत ती चालत नाही.

१८९० साली ब्राम्सने आता लिहिणं आवरतं घ्यायचं ठरवलं होतं. पुढच्याच वर्षी माइनिंगनच्या दरबारी वाद्यवृंदात रिचर्ड म्यूलफेल्डचं क्लॅरिनेट त्याने मन लावून ऐकलं आणि तो बेत बारगळला. १८९४ च्या उन्हाळ्यात इशलला बसून त्याने म्यूलफेल्डसाठी दोन सोनाटा लिहिले आणि जानेवारी १८९५ मध्ये व्हिएन्नात त्याच्यासोबत स्वतः पियानोवर बसून वाजवले. स्वतःच्या हातांसाठी लिहिणारा ब्राम्स मागे बसून ठेका धरेल, हे शक्यच नव्हतं. एफ मायनर सोनाटाची सुरुवातच एकट्या पियानोची; क्लॅरिनेट नंतर येतं. शेवटच्या भागाच्या तोंडाशी पियानोवर एकच सूर तीनदा ठणकावून येतो. तो मागच्या खोलीतून आल्यासारखा वाटला तर त्या भागाचा कणाच मोडतो.

दोघांचा तोल तेव्हा कसा होता, हे ऐकून ठरवायची सोय नाही. ब्राम्सचा पियानो १८८९ च्या एका मेणाच्या नळकांड्यावर आहे. खरखरीतून जेमतेम ओळखू येतो. म्यूलफेल्ड १९०७ मध्ये गेला, त्याची एकही तबकडी हाती नाही. बॉक्सवूडची त्याची क्लॅरिनेटं तेवढी माइनिंगनच्या संग्रहालयात आहेत. त्यामुळे भिस्त स्वरलिपीवर, आणि ती पियानोच्या बाजूने बोलते.

मग क्लॅरिनेट दबू नये म्हणून काय करायचं? बरेच जण पियानोचं झाकण अर्धं लावतात. मला ते पटत नाही. आवाज म्हणावा तितका कमी होत नाही, मळकट मात्र होतो. मी झाकण पूर्ण उघडं ठेवतो आणि क्लॅरिनेटवादकाला एखादं पाऊल माइककडे सरकवतो. माइक क्लॅरिनेटच्या भोंग्यावर रोखायचा मोह टाळावा. भोंग्यातून मुख्यतः अगदी खालचे सूर बाहेर पडतात, बाकी बहुतेक आवाज उघड्या छिद्रांतून येतो. माइक भोंग्यासमोर लावलात तर एखादा सूर अंगावर धावून येतो आणि शेजारचा दडून बसतो. दोन माइक वादकाच्या डोक्याहून उंच, दोन-तीन मीटर लांब, एवढं पुरतं. श्वास ऐकू येतो, कळांची टकटक ऐकू येते. येऊ द्यावी. श्वास कापून काढलेली ध्वनिमुद्रणं मला गुदमरवतात.

मुंबईत खरी पंचाईत एसीची. त्याची घरघर संथ भागात लपत नाही, म्हणून टेक सुरू होण्याआधी तो बंद करावा लागतो आणि खोली तापू लागते. हवा तापली की क्लॅरिनेट चढतं. गणिताने एका अंशाला सुमारे तीन सेंट, म्हणजे अर्ध्या सुराचा तेहतिसावा भाग. वादकाच्या श्वासाने नळी आधीच गरम असते, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमी. पियानो मात्र जागचा हलत नाही, हलला तर तारा तापून किंचित उतरतोच. वादक मुखाखालचा बॅरल जरासा बाहेर ओढून सूर उतरवतो. पण त्याने छोट्या नळीचे, म्हणजे गळ्याचे सूर जास्त उतरतात आणि खालचे कमी. एक गाठ सोडवावी तर दुसरी बसते.

संकलनाला बसल्यावर हे उघडं पडतं. सकाळचा टेक आणि दुपारचा टेक जोडायला गेलं की सांध्यावर सूर ठेच लागल्यासारखा हलतो. म्हणून एफ मायनर सोनाटाचा संथ दुसरा भाग मी सकाळी, गार खोलीत, सर्वांत आधी घेतो. त्यातल्या लांब सुरांना लपायला जागाच नसते. पियानोवादक यावर कुरकुरतात, कारण बोटं मोकळी व्हायच्या आत संथ भाग वाजवायला कुणालाच आवडत नाही.