पोस्टकार्डावरचा प्रश्न

बिरवाडीच्या घरी टीव्हीवर विज्ञानाचं काही लागलं की बाबांचं आणि माझं हमखास वाजायचं. मला 'सेकंड्स फ्रॉम डिझास्टर'सारख्या मालिका प्रचंड आवडायच्या. आधी दुर्घटना, मग घड्याळ उलटं फिरवून एकेक चूक हुडकायची. मी इंजिनिअरिंगला गेलो त्यात त्यांचा वाटा आहेच. महाड एमआयडीसीत केमिकल प्लांटवर ऑपरेटर म्हणून तीसेक वर्षं काढलेले बाबा मात्र पाच मिनिटांत कुरकुरायला लागत. "ते म्युझिक बंद कर आधी. प्लांटवर काही व्हायच्या आधी कुठे असं वाजतं?"

भोपाळवरचा एक माहितीपट मात्र त्यांनी शेवटपर्यंत पाहिला. 2-3 डिसेंबर 1984ची रात्र, 610 नंबरची टाकी, तीत शिरलेलं पाणी, बाहेर पडलेलं सुमारे 40 टन मिथिल आयसोसायनेट. सगळा भर पाणी शिरलं कसं यावर. पाइप धुताना ब्लाइंड टाकली नव्हती म्हणून, की कंपनी म्हणते तसा कुणी घातपात केला म्हणून? मी त्यात पुरता रंगलो होतो.

बाबा म्हणाले, "पाणी कुठूनही येऊ दे रे. चिलिंग बंद, स्क्रबर स्टँडबायवर, फ्लेअरची लाइन दुरुस्तीसाठी काढलेली. हे सगळं एका वाक्यात उरकलं बघ त्यांनी."

मला ते तेव्हा पटलं नाही. बंद पडलेल्या यंत्रणांची गोष्ट कोण बघत बसणार? बघणाऱ्याला कुणीतरी गुन्हेगार लागतो. (मला तरी लागायचा.) वाद घालायचा म्हणून विचारलं, "तुमच्याकडे झालंय का कधी असं?"

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, नाइट शिफ्टला एक अलार्म सारखा वाजायचा, तो एकदा त्यांनी स्वतःच बंद केला होता. सेन्सर खराब असेल म्हणून. "निघालाही खराबच," ते म्हणाले, आणि जरा थांबून, "त्या दिवशी."

हल्ली पुण्यात रात्री सर्व्हरचे अलर्ट म्यूट करताना हे आठवतं. तरी मी म्यूट करतोच.

बाबांना मनापासून आवडलेला कार्यक्रम एकच, दूरदर्शनवरचा 'टर्निंग पॉइंट'. 1990च्या दशकातला, माझ्या आधीचा. त्यात प्रा. यशपाल प्रेक्षकांनी पाठवलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यायचे. डिस्कव्हरीला कुणी काही विचारू शकत नाही, ही बाबांची खरी तक्रार. त्यांनीही तेव्हा एक पोस्टकार्ड टाकलं होतं, नव्यानेच कामाला लागल्यावर. उत्तर काही आलं नाही.

प्रश्न काय होता, ते मी इतक्या वर्षांनी परवा विचारलं.

"वास यायचा थांबला म्हणजे गॅस गेला असं समजायचं का?"

हायड्रोजन सल्फाइडच्या बाबतीत तर मुळीच नाही. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, आणि वास गेला म्हणून माणूस निर्धास्त आत जातो. बाबांना हे पुढे एका जुन्या ऑपरेटरने सांगितलं, चहाच्या टपरीवर.