वाशिमचे रस्ते आणि घरच्या गाडीचे टायर



सोयाबीन बाजारात गेले, हातात चार पैसे आले की वर्षभर लांबणीवर पडलेली कामे डोके वर काढतात. दारातल्या बोलेरोचे किंवा स्कॉर्पिओचे टायर बदलणे हे त्यांपैकीच एक. दुकानात गेल्यावर पुष्कळांची मागणी एकच असते, ''साहेब, जाड नक्षीचे द्या, चिखलात चालले पाहिजेत.'' पण टायर निवडण्याआधी गाडी कोणत्या रस्त्यावर जास्त धावते, याचा विचार करावा. त्यासाठी आपल्याच जिल्ह्यातून एक फेरी मारू या.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा पाणलोटाच्या दुभाजकावर बसला आहे. काटेपूर्णा येथून उत्तरेला पूर्णेकडे, म्हणजे तापीच्या खोऱ्यात जाते. पैनगंगा, अरुणावती आणि अडाण यांचे पाणी शेवटी गोदावरीला मिळते. म्हणून येथे एकाच दिवसाच्या प्रवासात काळ्या मातीची पांधण, घाटाचे वळण आणि सिमेंटचा सरळ मार्ग असे तिन्ही भेटतात.

प्रथम पांधण घेऊ. रिसोडकडची काळी जमीन आषाढात कशी असते, ते तुम्हांला सांगायला नको. या मातीतील चिकण कण पाणी पिऊन फुगतात आणि टायरच्या खाचांत लिंपून बसतात. चार पावलांत टायर गुळगुळीत होतो, मग नक्षी कितीही जाड असो. ट्रॅक्टर त्याच वावरात चालतो, कारण त्याच्या टायरचे दात उंच आणि विरळ असतात, त्यांतला चिखल फिरता फिरता गळून पडतो. शिवाय तो संथ चालतो. घरच्या गाडीला ते साधत नाही. उलट खास चिखलाचे टायर डांबरावर आवाज करतात, लवकर झिजतात, डिझेल जास्त खातात आणि ओल्या रस्त्यावर त्यांची पकडही कमी पडते. पावसाळ्यात गाडी सडकेला उभी करून वावरात पायी जाणे हाच त्यावरचा स्वस्त उपाय. ज्यांच्या गावचा रस्ता खडीचा, मुरमाचा आहे, त्यांनी डांबरासाठी आणि कच्च्या रस्त्यासाठी असे दोन्हीकडे चालणारे मध्यम नक्षीचे टायर घ्यावेत. इतरांनी सडकेचे साधे टायर घ्यावेत.

आता अकोला-वाशिम-हिंगोली या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१ ने पातूरहून मेडशीकडे या. डोंगर, झाडी आणि वळणे. उन्हाळाभर साचलेली धूळ आणि तेल यांवर पहिला पाऊस पडला की रस्ता साबणासारखा निसरडा होतो. टायरच्या खाचा येथे खऱ्या उपयोगी पडतात, त्या चाकाखालचे पाणी बाहेर फेकतात. खाचा उथळ झाल्या की टायर पाण्याच्या थरावर तरंगतो, मग ना ब्रेक लागतो ना स्टिअरिंग ऐकते. कायद्याने खाच किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. खाचेच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. वरची नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. परंतु पावसाळा तोंडावर असेल आणि खाच तीन मिलिमीटरवर आली असेल, तर आणखी एक हंगाम काढण्याचा मोह धरू नये.

तिसरा मुक्काम समृद्धी महामार्गाचा. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा पूर्ण मार्ग खुला झाला. कारंजा, शेलूबाजार किंवा मालेगावला आपण त्यावर चढतो. मोटारीला तेथे सपाट भागात ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. या वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे ३३ मीटर जाते. वैशाखातले ऊन, त्याहून तापलेले सिमेंट, आत दहा माणसे आणि टपावर पोती! हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्याला दबतो, उलगडतो आणि आतून तापतो. तो असा फुटतो की सावरायला वेळच मिळत नाही. म्हणूनच २०२३ साली परिवहन खात्याने या मार्गावर गाड्यांचे टायर तपासून, घासलेल्या टायरांच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली होती. पोहरादेवीला रामनवमीला जाताना किंवा नागपूरला रुग्ण नेताना हे लक्षात असू द्या.

आता दुकानात काय पाहावे? गाडीच्या पुस्तकात दिलेलेच माप घ्यावे. टायरवर मापाशेजारी भाराचा आकडा असतो. १०० आकडा म्हणजे एका टायरवर ८०० किलो भार. कंपनीने दिलेल्या आकड्यापेक्षा कमी घेऊ नये. बाजूवर चार आकडी संख्या असते, तीत पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. बियाण्याच्या पिशवीवरची तारीख आपण पाहतो, तशीच ही पाहावी. पैसे दोनच टायरांपुरते असतील तर जोडी एकाच जातीची घ्यावी आणि नवी जोडी मागे बसवावी. मागचे टायर घसरले तर गाडी फिरते आणि मग ती सावरणे कठीण जाते. रिमोल्ड टायर वेगाच्या रस्त्यावर घरच्या गाडीला लावू नयेत. पक्के बिल घ्यावे, अलाइनमेंट करून घ्यावी.

नवे टायर घेतल्यावरही हवा महिन्यातून दोनदा, सकाळी टायर थंड असताना तपासावी. किती हवा भरावी, ते बहुधा चालकाच्या दारापाशी लिहिलेले असते. प्रवासात तापून दाब वाढला म्हणून हवा सोडू नये. स्टेपनीलाही विसरू नये. न वापरलेले रबरही उन्हाने आणि वयाने तडकते. पाच वर्षांनंतर दर वर्षी जाणकाराला टायर दाखवावे, आणि दहा वर्षांपुढे तर नक्षी शाबूत असली तरी वापरू नये.

बैल घेताना आपण त्याचे खूर उचलून पाहतो. गाडीच्या चार चाकांचा जमिनीला टेकणारा भाग प्रत्येकी तळहाताहून फारसा मोठा नसतो, आणि सारे कुटुंब त्यावरच बसलेले असते. आज संध्याकाळी बॅटरी घेऊन गाडीपाशी वाका आणि पाचही टायर पाहून घ्या.