नोंदवही दिसली, कपाट नाही

२००८ सालच्या मार्चमधली गोष्ट. गावच्या वाचनालयाची स्मरणिका निघायची होती आणि तिच्यातला एक बारा पानी लेख तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलं. दाखल नोंदवही सांभाळण्यात माझी हयात गेली, पण घरात कॉम्प्युटर येऊन तेव्हा आठ महिनेही झाले नव्हते. छापखान्यानं लेख ई-मेलनं पाठवला. फाइलवर टिचकी मारली की 'ओपन' आणि 'सेव्ह' अशी बटणं असलेली चौकट समोर यायची. वाचायचंय म्हणजे उघडायचं, एवढा साधा हिशोब करून मी 'ओपन' दाबलं. रात्री दहापासून एक वाजेपर्यंत बसलो. ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, सनावळ्या ताडून पाहिल्या, दोन परिच्छेद तर नव्यानंच लिहिले. दर पाच मिनिटांनी कंट्रोल-एस दाबत होतो. भाच्यानं तेवढं एक माझ्याकडून घोटून घेतलं होतं.

सकाळी पुन्हा मेल उघडून बघतो, तर लेख जसा आला तसाच. एक वेलांटीही बदललेली नाही!

माय डॉक्युमेंट्समधल्या झाडून सगळ्या फाइली उघडून पाहिल्या. विंडोज एक्सपीत शोधाशोध करायला एक पिवळं कुत्रं असायचं, त्यालाही कामाला लावलं. ते बराच वेळ शेपटी हलवत बसलं आणि काही सापडलं नाही म्हणालं. लपवलेल्या फोल्डरांत ते आपणहून तोंड घालत नाही, तशी वेगळी खूण करावी लागते, हे मला कुठलं ठाऊक! आतल्या मजकुरावरून शोधावं तर लेख जुन्या फाँटातला. पडद्यावर मराठी दिसत असली तरी कॉम्प्युटरच्या लेखी ती रोमन अक्षरांची खिचडीच.

शेवटी पुण्याला भाच्याला फोन लावला.

"मामा, तुम्ही ओपन केलंत की सेव्ह?"

"आधी ओपन. मग सेव्ह. चांगलं वीस वेळा."

"झालं!" तो म्हणाला, आणि माझ्या पोटात खड्डा पडला.

नुसती 'ओपन' केलेली फाइल ब्राउझरच्या तात्पुरत्या साठ्यात पडते आणि सेव्हही तिथेच होते, असं सांगून त्यानं मला तिकडची वाट दाखवली. इंटरनेट एक्सप्लोररच्या टूल्समध्ये इंटरनेट ऑप्शन्स, तिथे 'टेम्पररी इंटरनेट फाइल्स' अशी चौकट. तिच्यात तीन बटणं एका ओळीत: डिलीट कुकीज, डिलीट फाइल्स, सेटिंग्ज. मला तिसरं दाबायचं होतं. आदल्याच आठवड्यात शेजारच्या एका जाणकारानं, मशीन मंद चाललंय तर अधूनमधून मधलं बटण दाबत जा, असा सल्ला दिला होता. त्या सकाळी तो पाळला असता तर हा लेख लिहायचं कारणच उरलं नसतं. सेटिंग्जमध्ये 'व्ह्यू फाइल्स' दाबलं आणि खिडकी उघडली.

पाहतो तर तीन-साडेतीन हजार नावं. आपण जे पान बघतो त्याची चित्रं, बटणं, मजकूर ब्राउझर आपल्याच डिस्कवर ठेवून घेतो, म्हणजे पुढच्या खेपेला सगळं नव्यानं आणावं लागत नाही. नावापुढे रकाने होते: इंटरनेटचा पत्ता, आकार, शेवटचं कधी बघितलं, आणि मुदत कधी संपते. मुदतीचा रकाना बघून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. कुकींच्या नावांत मात्र सगळीकडे मीच, कारण घरात सगळे माझ्याच नावाच्या खात्यातून बसत. वधू-वर सूचक साइटची चित्रंही तिथे बरीच निघाली. 'मला असल्या साइटवर बघायचं नाही' असं थोरलीनं दिवाळीतच ठणकावलं होतं. मी काही बोललो नाही.

पण माझी फाइल? नावानुसार लावली, तारखेनुसार लावली. मेलच्या पत्त्यावरून पडलेली प्रश्नचिन्हांची लांबलचक नावं तेवढी दिसत होती. एकावर दोनदा टिचकी मारली, तर हे करणं सुरक्षित नसेल, पुढे जायचं का, असं कॉम्प्युटरनं मलाच विचारलं. मी घाबरून 'नो' दाबलं.

"मामा, वर्डच्या फाइल मेन्यूत अगदी तळाला काय दिसतंय?"

तिथे शेवटच्या चार फाइली होत्या. तिघी माझ्या सकाळच्या झडतीतल्या. चौथी 'लेख[२].डॉक', आणि तिच्या मागे 'कंटेंट.आयई५' असं काहीतरी.

"दोन? मग एक कुठाय?"

त्या एका प्रश्नानं उलगडा झाला. त्याच नावाची फाइल पुन्हा उतरवली की ब्राउझर तिला पुढचा आकडा देतो. सकाळी मेलमधून उघडलेली ती दोन नंबरची. म्हणजे रात्रीची एक नंबरची कुठेतरी असणार.

पण जी खिडकी मी तासभर चाळत होतो तिच्यात कंटेंट.आयई५ नावाचा फोल्डरच नव्हता, किंबहुना एकही फोल्डर नव्हता. भाच्यानं समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. ती खिडकी म्हणजे कपाट नव्हेच, ती दाखल नोंदवही. इंडेक्स.डॅट नावाच्या फाइलीतल्या नोंदी वाचून एक्सप्लोरर ती यादी आपल्यापुढे मांडतो, तीही इंटरनेटवरच्या नावांनी. खरी कपाटं मागच्या खोलीत, आणि ती खोली लपवलेल्या फाइली दाखवण्याची खूण केली तरी या खिडकीतून दिसत नाही. तिचं नाव वरच्या पत्त्याच्या पट्टीत हातानं टाइप करावं लागतं.

मी एकेक अक्षर विचारून टाइप केलं आणि एंटर दाबलं. यादी गेली. समोर चार फोल्डर, आठ-आठ अक्षरं-आकड्यांची अर्थहीन नावं धारण केलेले. एखाद्या लबाड साइटला आपली फाइल नेमकी कुठे पडली हे ओळखता येऊ नये, म्हणून ही नावं अशी वेडीवाकडी. ग्रंथपाल म्हणून मला ही रचना भयंकर वाटली. कपाटांना नाव नाही, विषयवारी नाही, पुस्तक कुठल्या कपाटात ते फक्त नोंदवहीला माहीत!

तिसऱ्या फोल्डरात 'लेख[१].डॉक' होती. बदलल्याची वेळ रात्री बारा अठ्ठावन्न. उघडली. माझे दोन्ही परिच्छेद जागच्या जागी होते. वीस वेळा दाबलेलं कंट्रोल-एस वाया गेलं नव्हतं, ते इमानानं तिथेच साठवत राहिलं होतं.

पुढे विंडोजच्या नव्या आवृत्त्यांत इंडेक्स.डॅट गेली, फोल्डरचं नाव बदललं, आणि १५ जून २०२२ ला इंटरनेट एक्सप्लोररही निवृत्त झाला. तरी मेलमधून आलेली फाइल आधी आपल्या फोल्डरात सेव्ह करा, मगच उघडा. आणि उलटं होऊन बसलंच, तर ती सापडेपर्यंत साफसफाईच्या कुठल्याही बटणाला हात लावू नका.