मिटणारे गुडघे, उघडणारे खांदे

आजीच्या घरात खुर्ची एकच होती आणि तीही पाहुण्यांसाठी. बाकी सगळा संसार जमिनीवर. चुलीपुढे उकिडवं बसायचं, मांडी घालून जेवायचं, एक पाय लांब करून जातं ओढायचं, फळीवरचे डबे हात वर करून काढायचे. दिवसभरात गुडघा कितीदा पुरता मिटायचा आणि खांदा कितीदा डोक्यावर जायचा, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. त्याला व्यायाम म्हणावं असंही कुणाच्या मनात आलं नाही. सत्तरी ओलांडल्यावरही आजी पाटावरून हात न टेकता उठायची.

आम्ही पोरं संध्याकाळी व्यायामशाळेत. तिथे एरंडेल पिऊन काळाभोर, गुळगुळीत झालेला पुरलेला मल्लखांब होता. पेशवाईच्या अखेरच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या पुन्हा उभी केली, हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं होतं. पण खांबाला लगेच हात लावू देत नसत. आधी जोर, बैठका, नमस्कार. अंगाला घाम आला, सांधे मोकळे झाले, की मग अढी. मांड्यांत खांब आवळून डोकं खाली सोडायचं, पाठीची कमान करायची. ताकद आणि लवचिकपणा वेगवेगळे शिकवावे लागतात, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. खांबावर दोन्ही एकदमच लागायचे.

मात्र त्या काळाचं सगळंच सोनं नव्हतं. हात मोडला की प्लास्टर, आणि ते निघेपर्यंत आठवडेच्या आठवडे हात गळ्यात. मामाचा कोपर असाच आखडला. मग कुणीतरी गरम तेलाने जोरजोरात चोळून दिला आणि तो आणखीच घट्ट झाला. दुखावलेला कोपर असा रगडला तर स्नायूतच हाड धरू शकतं, हे आज कुठलाही अस्थिरोगतज्ज्ञ बजावून सांगतो. मामाचा तो हात पुढे कधी सरळ झाला नाही. घास तोंडापर्यंत न्यायला त्याला मानच पुढे करावी लागायची.

आता चित्र उलटं झालंय. टोरांटोच्या रॉबर्ट सॉल्टर यांनी १९७०च्या दशकात सशांवर प्रयोग करून दाखवलं, की हलता ठेवलेला सांधा बांधून ठेवलेल्या सांध्यापेक्षा चांगला भरून येतो. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं आणि तो द्रव खेळता राहतो हालचालीने. म्हणूनच आज गुडघा बदलल्यावर बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पेशंटला उभं करतात. फिजिओथेरपिस्ट सांध्याचा कोन मोजायचा गोनिओमीटर काढते. त्याचा मध्य गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, एक पट्टी खुब्याच्या दिशेने, दुसरी घोट्याकडे. आकडा वहीत लिहिते. चालायला साधारण ६० ते ६५ अंश पुरतात, खुर्चीतून उठायला नव्वदच्या आसपास लागतात, उकिडवं बसायला मात्र १३०च्याही पुढे. शेवटच्या पाच-पाच अंशांसाठी माणसं ओठ आवळून घाम गाळतात. मला त्या खोलीत व्यायामशाळेइतकाच आदर वाटतो.

खेळाडूंचंही बदललं. पूर्वी कबड्डीच्या सामन्याआधी पाय पसरून, अंगठे धरून बराच वेळ बसून राहायचे. आता पाय झुलवत, लांब पावलं टाकत, हलतं अंग तापवतात. ताण मिनिटभराहून जास्त धरून ठेवला तर लगेचच्या उडीतला आणि धावेतला जोर थोडा उतरतो, असं अभ्यासांतून दिसलंय. तो ताण सामन्यानंतर किंवा वेगळ्या वेळी द्यावा.

दवाखाना सुधारला, याचा मला मनापासून आनंद आहे. दुःख आहे ते घराचं. सोफा, डायनिंग टेबल, कमोड, गाडीची सीट. दिवसभरात गुडघा नव्वदच्या पुढे जातच नाही. जी हालचाल होतच नाही, तिची कक्षा शरीर हळूहळू आखडून घेतं. मग चाळिशीतच खाली बसायचं म्हटलं की माणूस आधी आधार शोधतो.

तुमचे गुडघे आणि खुबे धड असतील तर रात्रीचं जेवण तरी जमिनीवर मांडी घालून जेवा आणि मुलांनाही बसवा. सांधा बदललेला असेल किंवा दुखत असेल, तर आधी फिजिओथेरपिस्टला विचारा.